जहाजतोडणीतला विलंबित धोका : एक कारणमीमांसा

१. विषय आणि प्रतिपाद्य

मालवाहू जहाजाचे आयुष्य साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे. त्यानंतर विमा महागतो, तपासणीत दर वेळी नव्या त्रुटी निघतात आणि नव्या जहाजांशी तुलना करता इंधनाचा खर्च डोईजड होतो. अशा वेळी मालकाच्या हाती राहते ती जहाजाच्या पोलादाची किंमत. रिकाम्या जहाजाच्या स्वतःच्या वजनाला धंद्यात एलडीटी म्हणतात आणि भंगाराचा भाव या वजनाच्या दर टनामागे ठरतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पोलाद असते. बाकीच्यात तांबे, पितळ, यंत्रे, फर्निचर असते. तसेच ॲस्बेस्टॉस, शिशाचे रंग, पीसीबी वर्गातली रसायने, पारा आणि टाक्यांच्या तळाशी साचलेला तेलकट गाळही असतो. पहिल्या प्रकारच्या मालाचा किलोकिलोने हिशेब होतो. दुसऱ्या प्रकारच्या मालाची साधी यादीही कित्येक दशके कोणी मागितली नाही.

जगात मोडीत निघणाऱ्या जहाजांच्या टनभारापैकी बहुतांश भार दक्षिण आशियातल्या तीन किनाऱ्यांवर येतो : गुजरातमधले अलंग, बांगलादेशात चट्टग्रामजवळचे सीताकुंड आणि पाकिस्तानात बलुचिस्तानातले गडानी. प्रस्तुत विवेचनात अलंग मध्यवर्ती धरले आहे आणि इतर ठिकाणांचे दाखले गरजेपुरते घेतले आहेत.

या उद्योगातले अपघात आणि प्रदूषण हे सहसा दोन स्वतंत्र प्रश्न मानले जातात. पहिला कारखाने निरीक्षकाकडे जातो, दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. येथे असे दाखवायचे आहे की दोहोंचे मूळ एकच आहे : तोडणीची पद्धत आणि त्या पद्धतीला पोसणारा भाव. दुसरा मुद्दा असा की, या धोक्यांची विभागणी कारण आणि परिणाम यांमध्ये किती काळ जातो यावरून केली, तर कायद्याची नजर नेमकी कोठे कमी पडते ते स्पष्ट दिसते. परिणाम जितका उशिरा, तितका जबाबदार माणूस सापडणे कठीण, आणि तितकी भरपाईही कमी.

२. अलंगच का?

अलंग भावनगर जिल्ह्यात, खंबातच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये येथे पहिले जहाज तोडणीसाठी लागले. त्याआधी हे किनाऱ्यावरचे एक लहान गाव होते. पुढे अलंग आणि शेजारचे सोसिया मिळून सुमारे दहा किलोमीटरच्या किनाऱ्यावर दीडशेहून अधिक प्लॉट पडले. गुजरात मेरीटाइम बोर्ड ते भाडेपट्ट्याने देते. २०११-१२ या वर्षात येथे ४१५ जहाजे आली. अलीकडच्या वर्षांत ही संख्या सव्वाशेच्या आसपास आहे.

जागेची निवड भूगोलाने केली. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेल्यामुळे भरतीचे पाणी चढत जाते. अलंगला उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी दहा मीटरहून अधिक वरखाली होते. किनाऱ्याचा उतार सौम्य आहे आणि चिखलाखालची जमीन भार पेलणारी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पूर्ण वेगाने किनाऱ्याकडे हाकारले की ते पुळणीत रुतून बसते. ओहोटीला पाणी मागे सरते आणि हजारो टनांचे धूड कोरड्यात उभे राहते.

गोदी बांधायला जो खर्च येतो, तो येथे निसर्गाने वाचवला. भरतीने गोदीचे काम केले आणि किनाऱ्याने कारखान्याच्या जमिनीचे. मात्र बांधलेल्या गोदीला फरशी असते, गटार असते, दरवाजा असतो. क्रेन आणि अग्निशमन गाडी जाईल असा रस्ता असतो. किनाऱ्याला यातले काहीच नसते. वाचलेला भांडवली खर्च आणि नाहीसे झालेले संरक्षण या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. पुढच्या बहुतेक धोक्यांची मुळे येथे सापडतात.

३. तोडणीची पद्धत

जहाज लागल्यावर सीमाशुल्क, प्रदूषण मंडळ आणि स्फोटक विभाग यांच्या परवानग्या होतात. मग हलवता येणारे सामान उतरते. खाटा, गाद्या, भांडी, फ्रिज, जीवरक्षक होड्या असा माल अलंगच्या रस्त्यावरच्या भंगार दुकानांत जातो. टाक्यांतले उरलेले तेल उपसले जाते. त्यानंतर खरी तोडणी सुरू होते, ती नाळेकडून मागे. नाळेचा भाग आधी कापून काढला की जहाज हलके होते आणि पुढच्या उधाणाला विंचने आणखी वर ओढता येते.

कापणारा कामगार ऑक्सिजन आणि एलपीजीच्या ज्योतीने काम करतो. आधी ज्योत एका जागी धरून पोलाद लालभडक तापवायचे, मग ऑक्सिजनचा झोत सोडायचा. तापलेले लोखंड त्या झोतात अक्षरशः जळते आणि वितळलेला मळ पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला उडतो. या कामातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की पत्र्यावर पंचवीस वर्षांच्या रंगाचे थरावर थर असतात. कापाच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यातला रंग जळतो आणि त्याचा धूर ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी येतो. दुसरी अशी की ठिणग्या जेथे पडतात ती बाजू कापणाऱ्याला दिसत नाही. पलीकडे फोमचे अस्तर आहे, केबलींचा जुडगा आहे की पाइपात राहिलेले तेल, हे त्याला कोणीतरी आधी सांगितले असेल तरच ठाऊक असते. आग लागते ती बहुधा तेथे.

कापलेला भाग क्रेनने उचलून खाली ठेवण्याऐवजी वर्षानुवर्षे तो तसाच खाली पाडला जात असे. ठोकळा जहाजाला जोडून ठेवणारे अखेरचे टाके कापले की काही टनांपासून शेकडो टनांपर्यंतचा भाग स्वतःच्या वजनाने पुळणीत आदळतो. तेथून पोलादी दोराने विंचकडे ओढत नेऊन त्याची आणखी बारीक तोडणी होते. ओढताना तो चिखल खरवडत येतो. त्याबरोबर रंगाचे पापुद्रे, गंज आणि तेल चिखलात मिसळते. तुटलेला ताणाचा दोर चाबकासारखा उलटून माणसाचा पाय किंवा जीव घेऊ शकतो. शेवटी पत्रे ट्रकमध्ये भरून भावनगर आणि सिहोर भागातल्या रोलिंग मिलकडे रवाना होतात. तेथे ते न वितळवता तापवून लाटले जातात आणि बांधकामाच्या सळ्या तयार होतात.

४. धोक्यांचे वर्गीकरण

(अ) तात्काळ धोके. कारण आणि परिणाम यांमध्ये सेकंद किंवा मिनिटे. दहा मजली इमारतीइतक्या उंचीवरून पडणे, पत्रा अंगावर कोसळणे, दोर तुटणे, स्फोट आणि बंद टाकीत गुदमरणे हे या गटात येतात.

बंद टाकीचा धोका बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. गंजणे म्हणजे लोखंडाने ऑक्सिजन शोषणे. महिनोन्‌महिने बंद असलेल्या टाकीच्या गंजक्या भिंती आतल्या हवेतला ऑक्सिजन संपवत आणतात. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांखाली हवा अपुरी मानतात आणि दहा टक्क्यांखाली गेलेल्या हवेत माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गाळातून हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते, तेव्हाच तो सर्वांत मोठा असतो. पहिला कामगार कोसळल्यावर त्याला काढायला धावलेला दुसराही बळी जातो, हा बंद जागेतल्या अपघातांचा जगभर दिसणारा नमुना आहे.

स्फोटाचेही तसेच. तेलाच्या वाफेचे हवेतले प्रमाण साधारण एक ते दहा टक्के या पट्ट्यात असेल, तर ठिणगीने स्फोट होतो. टाकी तेलाने भरलेली असते त्यापेक्षा ती जवळजवळ रिकामी असताना जास्त धोकादायक ठरते ती यामुळे. १ नोव्हेंबर २०१६ रोजी गडानी येथे एका तेलवाहू जहाजावर असाच स्फोट झाला. किमान २६ कामगार मेले आणि आग काही दिवस धुमसत राहिली. टाक्या पूर्ण रिकाम्या आणि वायुमुक्त झाल्याशिवाय गरम काम सुरू करायचे नाही, हा नियम कागदावर तेव्हाही होता.

या गटाचे मोजमाप बऱ्यापैकी झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये नोंदवले की जहाजतोडणीत दर हजार कामगारांमागे वर्षाला सरासरी दोन मृत्यू होतात. सर्वांत अपघातप्रवण मानल्या गेलेल्या खाण उद्योगात हेच प्रमाण ०.३४ होते. म्हणजे जवळजवळ सहापट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या कामाची गणना जगातल्या सर्वांत धोकादायक व्यवसायांत करते. अलंगहून मोठ्या रुग्णालयांसाठी गाठायचे भावनगर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, आणि भाजलेल्या माणसासाठी हे अंतर फार असते.

(आ) मध्यम मुदतीचे धोके. परिणाम आठवड्यांत किंवा वर्षांत दिसतो. जळणाऱ्या रंगातून शिसे, जस्त, कॅडमियम यांची बाष्पे निघतात. जस्ताच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. सकाळी तो उतरतो आणि माणूस पुन्हा कामावर जातो. त्याची कोठे नोंद होत नाही. शिसे रक्तात, मज्जासंस्थेत आणि मूत्रपिंडात आपले काम करतेच, शिवाय हाडांत दशकांसाठी साठून राहते. कपड्यांवर बसलेली धूळ ते खोलीवर नेते. तीच खोली, तेच कपडे, तोच स्टोव्ह, अशा राहणीत कामाची जागा आणि घर यांतली सीमा उरत नाही. सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा, ज्योतीकडे पाहून येणारी डोळ्यांची दुखणी आणि वजने वाहून झिजलेली कंबरही याच गटातली.

(इ) दीर्घ मुदतीचे धोके. येथे मुख्य नाव ॲस्बेस्टॉसचे. जुन्या जहाजांत इंजिनघरातल्या पाइपांची वेष्टणे, बॉयलरचे आवरण, भिंतींचे तक्ते, गॅस्केट, ब्रेकची अस्तरे या सगळ्यांत ते सापडते. समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवण्यास २०११ पासून पूर्ण बंदी आहे. पण आज तोडणीला येणारी जहाजे बहुतांशी त्याआधीची आहेत. वेष्टण हाताने ओरबाडून काढले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत तरंगतात. श्वासावाटे आत गेलेले तंतू फुप्फुसात कायम राहतात. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे आजार वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात.

त्याच तज्ज्ञ समितीपुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेची पाहणी होती. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ कामगारांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांपैकी १५ चित्रांत ॲस्बेस्टॉसिसची सुरुवात सुचवणाऱ्या छाया दिसल्या. म्हणजे सोळा टक्के. ही पाहणी कामावर हजर असलेल्यांची होती. अलंगचे कामगार मुख्यतः ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि झारखंडमधून येतात; ताकद आहे तोवर राहतात आणि मग गावी परततात. ज्याला पुढे धाप लागेल, तो गंजाम किंवा गोरखपूरच्या एखाद्या दवाखान्यात क्षयरोगाची औषधे घेत असण्याची शक्यता अधिक. तोवर प्लॉटचा भाडेकरू बदललेला असतो, मुकादम सापडत नाही आणि ज्या जहाजावर तंतू आत गेले, त्याच्या सळ्या कोणत्या तरी इमारतीच्या खांबांत असतात.

हे वर्गीकरण नुकसानभरपाईच्या पद्धतीशी ताडून पाहावे. तात्काळ मृत्यूची पोलिसांत नोंद होते, चौकशी होते, काम काही दिवस बंद राहते, वारसांना काही रक्कम मिळते. मध्यम गटात क्वचित काही मिळते. तिसऱ्या गटात जवळजवळ काहीच नाही. कायद्यात ॲस्बेस्टॉसिस व्यवसायजन्य आजारांच्या यादीत असूनही. कारण भरपाईसाठी आजार आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध करावा लागतो, आणि कंत्राटी, स्थलांतरित कामगाराजवळ नोकरीचाच पुरावा नसतो.

५. चिखलात काय उरते

प्रदूषणालाही हीच विभागणी लागू पडते. पाण्यावरचा तेलाचा तवंग लगेच दिसतो, त्यावर ओरड होते आणि दोन भरत्यांत तो नाहीसाही होतो. खंबातच्या आखातातले प्रवाह इतके जोरकस आहेत की ते प्रदूषण पातळ करून दूर नेतात. त्यामुळे पाण्याचा नमुना पुष्कळदा समाधानकारक निघतो. परंतु जड धातू आणि तेलातली चिकट संयुगे पाण्यात फार काळ राहत नाहीत. ती गाळाच्या बारीक कणांना धरून बसतात. किनाऱ्याची प्रकृती तपासायची, तर गाळ तपासला पाहिजे.

भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अलंग-सोसियाच्या गाळातले प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे मोजून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर किलो गाळात सरासरी ८१ मिलिग्रॅम तुकडे निघाले. ते पॉलियुरेथेन, नायलॉन, पॉलिस्टायरिन आणि पॉलिएस्टरचे होते, शिवाय काचलोकर होती. ही जहाजाच्या अस्तरांची, दोरांची आणि गाद्यांची शेवटची अवस्था होय. सूक्ष्मप्लास्टिक हा शब्द वृत्तपत्रांत रुळण्यापूर्वीचे हे मोजमाप आहे.

जहाजाच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या जुन्या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे संयुग असे. पाण्यात दर लिटरला एखाद्या नॅनोग्रॅमइतके असले, तरी काही जातींच्या शंखांच्या माद्यांत नराची इंद्रिये वाढू लागतात आणि प्रजनन थांबते. या रंगावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पण त्याआधी ओढत आणलेल्या शेकडो तळांचे खरवडलेले थर गाळात कधीच मिसळले आहेत. तांब्यासाठी केबली उघड्यावर जाळल्या, तर वेष्टणातले क्लोरीन आणि पीसीबी यांपासून डायॉक्सिन तयार होते. तेही मेदात साठते आणि मासळीवाटे ताटात येते.

फुप्फुसात गेलेला तंतू आणि गाळात गेलेला धातू यांचा मार्ग असा समांतर आहे. दोन्ही एकाच कापातून बाहेर पडतात, दोन्ही परत काढता येत नाहीत आणि दोघांचाही परिणाम प्रकट होतो तेव्हा जहाज अस्तित्वात नसते. ज्या जागी धुराला आवरण नाही, तेथे सांडपाण्यालाही नसते. म्हणून कामगार आणि मच्छीमार यांच्या तक्रारी दोन खात्यांत विभागणे सोयीचे असले, तरी तर्काला धरून नाही.

६. भावाचे गणित

पद्धत बदलत का नाही, याचे उत्तर खरेदीच्या भावात आहे. समजा, एका जहाजाचे वजन १०,००० एलडीटी आहे. ज्या किनाऱ्यावर फरशी, क्रेन, कचऱ्याची विल्हेवाट आणि विमा यांचा खर्च नाही, तेथला खरेदीदार टनामागे ५० डॉलर जास्त देऊ शकला, तरी मालकाला एका सहीत ५ लाख डॉलर अधिक मिळतात. बोली लावताना प्रत्येक यार्ड हेच गणित करते. सुरक्षिततेवर खर्च करणारा प्लॉटधारक बोली हरतो आणि काम तो खर्च न करणाऱ्याकडे जाते. एखाद्या मालकाची नियत चांगली असून भागत नाही, ते यामुळे.

जहाजमालक आणि यार्ड यांच्यामध्ये बहुधा रोख खरेदीदार असतो. तो चालते जहाज विकत घेतो, कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अँड नेव्हिस अशा एखाद्या देशाचा झेंडा काही आठवड्यांसाठी लावतो, नाव बदलतो आणि किनाऱ्यावर आणून सोडतो. तीस वर्षे ज्या कंपनीने भाडे कमावले, तिचे नाव शेवटच्या कागदावर नसते. पैसा वेगाने वर जातो आणि दायित्व सावकाश खाली झिरपते. सर्वांत खाली ज्याच्याकडे करार नाही असा कामगार असतो आणि ज्याच्या मालकीचा सातबारा नाही असा समुद्र.

७. कायदा काय पाहतो

धोकादायक कचऱ्याच्या देशांतरावरचा बाझल करार १९८९ चा. जहाज हे जहाज असते तोवर कचरा नसते, आणि कचरा ठरते तेव्हा बहुधा आधीच किनाऱ्यावर असते. या पेचात करार अडकून राहिला. १९९७ मध्ये बाल्टिमोर सन या अमेरिकी दैनिकाने अलंगसह अनेक यार्डांवर लेखमाला छापली. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि हा किनारा जगाच्या नकाशावर आला. १४ ऑक्टोबर २००३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की तोडणीपूर्वी मालकाने जहाज निर्विष केलेले असावे.

या आदेशाची कसोटी फ्रान्सच्या क्लेमान्सो या विमानवाहू जहाजाने लागली. ते ३१ डिसेंबर २००५ रोजी तूलाँहून अलंगकडे निघाले. त्यात किती ॲस्बेस्टॉस उरले आहे, याचे फ्रेंच सरकारचे उत्तर सुमारे ४५ टन होते. आधीची सफाई करणाऱ्या कंपनीचे उत्तर ५०० टनांहून अधिक. दहापटीची तफावत. सरकारी मालकीच्या युद्धनौकेची ही स्थिती, तर खासगी मालवाहू जहाजांची यादी किती भरवशाची असेल, याचा अंदाज करावा. फेब्रुवारी २००६ मध्ये ते परत बोलावले गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तोडले गेले.

ब्लू लेडीचे प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेले. एके काळचे हे फ्रान्स नावाचे प्रवासी जहाज २००६ मध्ये अलंगला आले. त्यात हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉसयुक्त साहित्य असल्याचा अंदाज होता. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने ४१,००० टन पोलाद आणि ७०० कामगारांचा रोजगार यांचा हवाला देत शाश्वत विकासातल्या समतोलाच्या तत्त्वावर तोडणीला परवानगी दिली. या तराजूत लाभ टनांत आणि माणसांत मोजला गेला. हानी मात्र वीस-तीस वर्षांनी होणारी असल्यामुळे तिला आकडा नव्हता. विलंबित धोका न्यायाच्या मोजमापातून कसा निसटतो, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नाही.

जहाजांच्या सुरक्षित पुनर्चक्रणावरचा हाँगकाँग करार मे २००९ मध्ये संमत झाला, पण किमान पंधरा देश, जागतिक टनभाराच्या चाळीस टक्के आणि ठरावीक तोडणीक्षमता या अटी पुऱ्या व्हायला वेळ लागून तो २६ जून २०२५ रोजी अमलात आला. भारताने २०१९ मध्ये त्यात प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्चक्रण कायदा केला. आता ५०० टनांवरच्या जहाजाला धोकादायक पदार्थांची यादी बाळगावी लागते आणि यार्डाला प्रत्येक जहाजाचा तोडणी आराखडा द्यावा लागतो. बदल झालेला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अलंगच्या शंभराहून अधिक यार्डांना वर्गीकरण संस्थांकडून या कराराच्या पूर्ततेचे दाखले मिळाले आहेत. दुय्यम कापणीच्या जागी पाणी न झिरपणारी फरशी, क्रेन, प्रशिक्षण केंद्र, धोकादायक कचऱ्याची भराव-जागा या गोष्टी तेथे दिसतात.

तरी करारात दोन मोठी भोके आहेत. पहिले, किनाऱ्यावर जहाज चढवण्याच्या पद्धतीला त्यात मनाई नाही. फरशी दुसऱ्या कापाखाली आली. पहिला काप अजून भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरच होतो. दुसरे, यार्डाच्या फाटकाबाहेर कचऱ्याचे काय होते, हे कराराच्या कक्षेबाहेर राहते. युरोपीय संघाच्या नियमात बांधीव जागेचा आग्रह आहे आणि त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत दक्षिण आशियातले एकही यार्ड नाही. पण तो नियम झेंड्याला बांधलेला आहे, आणि झेंडा बदलणे किती सोपे आहे ते वर आलेच.

८. मुंबईचा दारुखाना

मराठी वाचकाला हा उद्योग दूरचा वाटू नये. रे रोडजवळचा दारुखाना ही मुंबईतली जुनी तोडणीची जागा. तेथे बार्ज, ट्रॉलर आणि नौदलाची निवृत्त जहाजे मोडली जातात. १९९७ मध्ये निवृत्त झालेली पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि याच बंदरावर कापली गेली. तिचे संग्रहालय व्हावे की नाही, यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. पुढे तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकलही बाजारात आली. १९४५ मध्ये पाण्यात उतरलेल्या त्या जहाजाच्या इंजिनघरातली वेष्टणे कोण काढणार, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेलाच राहिला.

दारुखान्याचे दुसरे महत्त्व संघटनेचे. मुंबईतल्या गोदी कामगारांच्या संघटनेने येथल्या तोडणी कामगारांना एकत्र केले आणि त्या अनुभवावर पुढे अलंगमध्ये संघटना उभी राहिली. सुरुवातीच्या मागण्या पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि ओळखपत्र यांच्या होत्या. ओळखपत्राची मागणी साधी दिसते, पण वर सांगितलेल्या तिसऱ्या गटातल्या धोक्यासाठी ती निर्णायक आहे. वीस वर्षांनी भरपाई मागायची, तर आज नाव कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

९. एक आक्षेप

या उद्योगाचे समर्थक म्हणतात की जहाजतोडणी हे मुळात पर्यावरणाचे काम आहे. जहाजाचा जवळजवळ सगळा भाग पुन्हा वापरात येतो, लोहखनिज आणि कोळसा वाचतो, आणि जहाज समुद्रात बुडवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. शिवाय गरीब राज्यांतल्या हजारो तरुणांना शेतमजुरीपेक्षा चांगली मजुरी मिळते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. मात्र तिच्यावरून निष्कर्ष निघतो तो जहाजे तोडावीत एवढाच. पुळणीवर तोडावीत, असा निघत नाही. खनिज वाचवल्याचे श्रेय सुक्या गोदीत केलेल्या तोडणीलाही तितकेच मिळते. रोजगाराच्या युक्तिवादात कामगाराची निवड गृहीत धरलेली असते. पण ज्याला तंतूंची माहितीच दिलेली नाही, त्याने धोका पत्करला असे म्हणता येत नाही.

१०. उपायांचा क्रम

व्यावसायिक सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड आहे : धोका मुळातून काढणे, त्याऐवजी कमी धोक्याचे काही वापरणे, अभियांत्रिकी अडसर घालणे, कामाचे नियम बदलणे आणि सर्वांत शेवटी माणसाच्या अंगावर साधने चढवणे. अलंगबद्दलची चर्चा नेमकी शेवटच्या पायरीवर सुरू होते : हेल्मेट, बूट, हातमोजे. ती हवीतच; पण टनावारी पत्रा हेल्मेटवर पडला तर हेल्मेटचा उपयोग नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ॲस्बेस्टॉसचा तंतू अडवत नाही.

उतरंडीच्या क्रमाने पाहिले तर पहिला उपाय जहाज बांधतानाचा आहे : विषारी पदार्थ वापरूच नयेत आणि वापरलेल्यांची यादी जन्मापासून जहाजासोबत असावी. दुसरा जागेचा : पहिला कापही फरशीवर किंवा सुक्या गोदीत व्हावा आणि तुकडा पाडण्याऐवजी उचलून खाली ठेवावा. तिसरा नोंदणीचा : ॲस्बेस्टॉस हाताळलेल्या प्रत्येकाचे नाव, जहाज आणि तारीख केंद्रीय नोंदवहीत राहावी, आणि गावी परतल्यावरही छातीची तपासणी ओडिशा किंवा बिहारच्या सरकारी रुग्णालयात विनामूल्य होत राहावी. ठेकेदार बदलला म्हणून माणसाची नोंद पुसली जाऊ नये.

हे सगळे करणारे यार्ड बोलीत हरणार नाही, अशी तजवीज झाली नाही तर वरचे तिन्ही उपाय कागदावर राहतील. त्यासाठी खर्च जहाज कमावते असताना वसूल व्हायला हवा. बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून थोडी रक्कम घ्यायची, ती त्या जहाजाच्या नावाने साठवायची आणि मान्यताप्राप्त यार्डात तोडणी झाली तरच शेवटच्या मालकाला परत द्यायची, अशी योजना युरोपीय आयोगाने अभ्यासली होती. अमलात आणली नाही. तिच्यात झेंडा बदलून सुटका होत नाही, कारण पैसा झेंड्याकडे नसून जहाजाच्या नावावर असतो. भारत हा तोडणारा देश आहे, तसाच मोठ्या बंदरांचाही देश आहे. अशी आकारणी मुंबई, न्हावा शेवा आणि मुंद्रा येथे सुरू करण्याचा आग्रह आंतरराष्ट्रीय मंचावर धरायला त्याला अडचण नाही. अलंगमधल्या ज्या प्लॉटधारकांनी पदरचे पैसे घालून फरशा टाकल्या, त्यांचाही त्यात फायदा आहे : नियम पाळणारा महाग ठरण्याऐवजी परताव्यास पात्र ठरेल. तोवर कोणत्याही यार्डाच्या सुधारणेची परीक्षा प्रमाणपत्रांच्या संख्येवरून न करता तीन गोष्टींवरून करावी : पहिला काप कशावर पडतो, निवृत्त कामगारांची यादी कोणाकडे आहे आणि विष काढण्याचा खर्च भावातून कोणी वजा केला.